पाण्याच्या रांगेतली शाळा

कंडक्टरबाईंनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर त्या निर्वासितांच्या छावणीत फुकट शिकवायला जाऊ लागल्या. गावं जाळून हाकललेल्या लोकांची ती छावणी. मुलांना शिकवायचं तर त्यांची भाषा यायला हवी, म्हणून साठीला टेकलेल्या बाई ती त्यांच्या आयांकडून शिकल्या. बाई चुकल्या की मुलं पोट धरून हसत, आणि मग बाईंनाही हसू आवरत नसे.

एक दिवस छावणीच्या साहेबांनी वर्गाच्या शेडला कुलूप घातलं. "यांच्या भाषेत वर्ग घ्यायला परवानगी नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई थेट नळावर गेल्या. तिथे मुलं बादल्या घेऊन तासभर ताटकळत असायची. बाईंनी बसमध्ये कमावलेला खणखणीत आवाज लावला आणि मुलांच्याच भाषेत पाढे सुरू केले.

साहेब तणतणत आले. "वर्ग बंद करा!"

"कुठला वर्ग, साहेब? आम्ही पाण्याला उभे आहोत. रांगेत बोलायलाही परवानगी लागते का?"

साहेब पाय आपटत निघून गेले. महिनाभर रोज हेच चाललं. हळूहळू रांगेतल्या आयाही मुलांबरोबर पाढे म्हणू लागल्या आणि तो गलका पार साहेबांच्या कचेरीत घुमू लागला. शेवटी त्यांनीच कुलूप काढलं.

"आता तरी हे नळावरचं थांबवा," ते म्हणाले.

"ते कसं थांबेल?" बाई म्हणाल्या. "मुलं जातील शेडमध्ये. नळावर आता त्यांच्या आया शिकताहेत."