ओरमींचे पाय

“मला रबर दिसतंय. नुसतं रबर,” हेलन मॉनिटरसमोर म्हणाली. हेलन आमच्या सायन्स फिक्शन सिरियलची डायरेक्टर. “शुक्रवारपर्यंत हे जिवंत वाटले नाहीत, तर स्टोरीतून काढून टाकते.”

‘हे’ म्हणजे ओरमी. सिरियलमधले परग्रहवासी. राखाडी, पसरट पावलांचे, तोंडातून अवाक्षर न काढणारे. त्यांची कातडी मी आणि माझा बॉस ग्लेन बनवत होतो. रबराचा फेस साच्यात ओतायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा, साधारण ढोकळ्यासारखा. मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीतून बाहेर पडल्यावर मिळालेली ती माझी पहिली नोकरी. व्हिसा नोकरीवर आणि नोकरी ओरमींवर. ओरमी गेले की मी पुण्याला परत. तिकडे आईने स्थळं बघायला सुरुवातही केली होती.

कातडीच्या आत शिरायला माणसं लागतात. त्या वर्षांत मेलबर्नमध्ये आपल्या विद्यार्थ्यांचा नुसता पूर आला होता आणि जो तो पार्टटाइम काम शोधत होता. मी माझ्या जुन्या शेअर हाउसमधली सगळी पोरं उचलून आणली. त्यांचा म्होरक्या निखिल, अकाउंटिंग शिकणारा. सकाळी लेक्चर, दुपारी परग्रह.

दुसऱ्या दिवशी ओरमींचा घोळका बोगद्यातून जाण्याचा सीन होता. निखिलचा पाय पुढच्याच्या पायावर पडला. त्याने झटकन पुढच्याच्या खांद्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला. पाय लागल्यावर आपण सगळेच करतो तसं.

“कट. हे काय होतं?” हेलनने विचारलं.

मी धावत गेले. “अरे गाढवा, तू परग्रहावर आहेस.”

मास्कच्या आतून आवाज आला, “अगं, पाय लागला ना त्याला. हात आपोआप गेला.”

हेलनने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. “हा पहिला जिवंत ओरमी. आता सगळ्यांनी हेच करा.”

मला वाटलं, सुटलो. कसलं काय. करायला सांगितल्याबरोबर सगळ्यांनी गॅदरिंगमधलं नाटक सुरू केलं. निखिल तर मंत्र्यासमोर वाकावं तसा वाकायला लागला. हेलन म्हणाली, “पुन्हा रबर.” गुरुवार असाच गेला.

वर्कशॉपमध्ये ग्लेन चहा ढवळत म्हणाला, “तू त्यांना सांगतेस, म्हणून ते अॅक्टिंग करतात, मेट.”

माझी नजर टेबलावरच्या पावलांवर होती. मी फोमचा तुकडा घेतला आणि एका पावलाची बोटं चांगली चार बोटं लांब केली.

“अडखळतील ते,” ग्लेन म्हणाला.

“अडखळू देत.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “नो वरीज,” म्हणाला आणि दुसरं पाऊल ओढून घेतलं.

शुक्रवारी मी पोरांना एवढंच सांगितलं, “नमस्कार-बिमस्कार विसरा. सरळ चाला. पाय नवे आहेत, जपून.” बोगद्यात शिरताच एकमेकांचे पाय तुडवले जायला लागले. इथे एकाचा हात खांद्याला आणि कपाळाला, तिथे दुसऱ्याचा. एकाचा पाय सेटवरच्या कोरीव शिळेला लागला, तर त्याने पुस्तकाला करावा तसा शिळेलाच नमस्कार केला.

हेलनने मॉनिटरवरून मान वर केली. मग म्हणाली, “हे राहणार.”

मी कॉस्च्युमच्या व्हॅनमागे जाऊन मनसोक्त रडले.

सिरियल संपेपर्यंत ओरमी राहिले आणि मीही. टीव्हीवरच्या सगळ्यात गूढ परग्रहवासी जाती कोणत्या, यावर फॅन लोक अजून नेटवर भांडतात आणि त्यात ओरमींचं नाव निघतंच. कुणी म्हणतं, ते स्पर्शातून आठवणी देतात. कुणी म्हणतं, ते मेलेल्यांना निरोप देतात. निखिल आता मेलबर्नच्या एका टोकाला, ट्रुगानिनात घर घेऊन राहतो. तो मला लिंक पाठवतो, “वाच, आपण काय काय होतो ते.”

मला आठवतो तो फोमचा वास, डब्यातली बटाट्याची भाजी आणि डोकं काढून ठेवून असाइनमेंट लिहीत बसलेले घामेजलेले ओरमी. फार आठवण येते. आता त्यांना जेवायला बोलवायचं तरी महिनाभर आधी कॅलेंडर बघावं लागतं.

आज वर्कशॉपमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना एकच गोष्ट शिकवते. कुणालाही जिवंत वागायला सांगून उपयोग होत नाही. त्याचे बूट थोडे बिघडवून द्यावेत.