भाच्याची पार्सलं

कुरियरवाल्याने मोटरसायकल नीट स्टँडवर लावलेलीही नसायची, तोच समोरच्या ओट्यावरून बापूंचा आवाज यायचा, "भाचासाठे शे!" कोणी काही विचारलेलं नसे. चोराच्या मनात चांदणं. गंमत अशी, की बापूंना बहीणच नव्हती. पण भाचा होता, आणि त्याची पार्सलं दर महिन्याला सुरतेहून यायची.

बापू आमच्या ऑफिसातले जमिनीचे मोजणीदार, माझ्याहून बरेच वडील. नंदुरबारात घरही समोरासमोर. बांधाच्या वादात दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले, तरी बापू मधून शांतपणे साखळी ओढत न्यायचे. हाच माणूस पार्सल काखेत मारून घरात शिरताना इकडेतिकडे बघायचा, आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. भारदस्त मिशा, खोचलेला शर्ट, आणि जिवापाड आवडणारी एकच गोष्ट, जी चारचौघांत सांगता येत नाही. बापू दारू पीत असते तर निदान सांगता तरी आलं असतं. बापूंना बाहुले आवडायचे. प्लास्टिकचे लढवय्ये. चिलखतवाले, पंखवाले, हिरव्या अंगाचे, हातात ढाल-तलवार घेतलेले. कोपर वळतं, गुडघा वळतो, मान फिरते असे.

दार लावून त्यांनी ते मला एकदा दाखवले. मागच्या खोलीत भिंतीला तीन कोनाडे, वर लाल पडदा. प्रत्येक कोनाड्यात वेगळ्या मापाचे बाहुले. फुटाच्या जागी एक इंच धरलेले मधल्यात, त्याहून बारके वर, दुप्पट मोठे खाली. गावाचा नकाशा जसा ठरावीक प्रमाणात काढतात, तसाच इथे माणूस काढलेला. मी हौसेने खालचा एक उचलून मधल्यात ठेवला, तर बापू कळवळले.

"तठे नको. मोठाना जोडे धाकला ठेवा का दोन्ही खोटा दिसतस. एक मापनी एक पंगत."

रविवारी पडदा सारून बापू जुन्या दात घासायच्या ब्रशने धूळ झाडायचे. कोणाचा हात उचलायचे, कोणाची मान वळवायचे. "हाऊ थकी गया आज," म्हणत एखाद्याला खाली बसवायचे. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी ऑफिसात कधी पाहिला नाही.

बायको लवकर गेली. मुलगी त्यांनीच वाढवली, वेणीफणी शिकून वाढवली. पण कॉलेजात जायला लागल्यावर तिला त्या कोनाड्यांची लाज वाटू लागली. "पडदा लायी ठेवा, बापू. मन्ह्या मैत्रिनी ई ऱ्हायन्यात." बापू मुकाट्याने पडदा लावायचे. तिचं काय चुकलं? बापूंना स्वतःलाच तिच्याहून जास्त लाज वाटायची.

मग ब्राह्मणपुरीचे पाहुणे तिला बघायला आले. चांगलं शेतीवाडीचं घर, मुलगा नोकरीत, मुलीला मनातून पसंत. मी चहाचा ट्रे घेऊन आतबाहेर करत होतो. मुलाची आई हात धुवायला मागे गेली आणि पंख्याच्या वाऱ्याने पडदा उडाला.

आमच्याकडे अकाली गेलेल्या पूर्वजांना वीर मानतात. देवघरात त्यांचे टाक असतात, होळीला ते वाजतगाजत मिरवतात. त्या बाईंनी लाल पडद्याआड शस्त्रं घेतलेली ती रांग पाहिली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"ह्या तुमना कुळना वीर शेतस का?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी पदराचं टोक चावत उभी होती, डोळ्यांत नुसती विनवणी. बापूंचे कान पेटले.

"हा," ते म्हणाले.

बाईंनी कुंकू मागून घेतलं आणि एकेकाच्या कपाळाला बोट टेकवलं. हिरव्याच्याही. लग्न जमलं.

बापू मात्र आगीतून फुफाट्यात पडले. विहीणबाई दर होळीला नारळ घेऊन हजर. नातवासाठी त्या या वीरांनाच नवस बोलल्या, आणि नातू झाला! मग काय, गल्लीतल्या बायाही येऊ लागल्या. दिव्याची काजळी चढली, कुंकवाने रंग उडाले. भाच्याची पार्सलं बंद झाली. रविवारी बापू ओट्यावर नुसते बसून राहायचे.

मला एकदा म्हणाले, "खेळना व्हतात तवय पडदामांगे दपाडी ठेवाले लागे. आते देव व्हई गयात, ते हातबी लावता येत नही." मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बापू रिटायर झाले, गुडघे गेले. मुलीने हट्टच धरला, ब्राह्मणपुरीला चला. सामान न्यायला छोटा हत्ती टेम्पो आला, आणि सोबत विहीणबाई, नवी टोपली, हळदकुंकू, नारळ. वीर आधी निघणार, मग माणसं. तिकडे देवघरात टाइल्स लावून जागा केलेली. गल्लीतल्या बाया दारात गोळा झाल्या.

विहीणबाई भक्तिभावाने कोनाडे रिकामे करू लागल्या. मोठा, बारका, मधला, सगळे एकाच टोपलीत. बापूंचा हात आपोआप पुढे आला, "माप..." एवढंच बोलले आणि हात मागे घेतला. मान खाली.

मुलगी ते बघत होती. मला वाटलं, पुन्हा पदर चावेल.

"आत्याबाई, ह्या वीर नहीत," ती सासूला म्हणाली. "ह्या मन्हा बापना खेळना शेतस. तो खेळस त्यास्नासंगे. माले लाज वाटे, म्हनीसन आम्ही खोटं बोलनूत."

मला वाटलं धरणी दुभंगावी. बापू तर कोनाड्याकडे तोंड करून उभे राहिले. विहीणबाई हातातला पंखवाला बाहुला उलटसुलट करून बघत होत्या. नवस बोललेल्या बाईला चारचौघींत हे ऐकावं लागलं, त्या काहीही बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

"मंग माले कुकू काब्रं लावू दिधं?" त्या बापूंच्या पाठीला म्हणाल्या. "रंग गया ना त्यास्ना."

आणि पदराने त्या बाहुल्याचं कपाळ पुसू लागल्या. बापू हळूच वळले, खाली बसले आणि टोपलीतून मापं वेगळी काढायला लागले. मी तीन खोकी आणून दिली. गाडी निघाली तेव्हाही बापूंचे कान लालच होते.

आता समोर कुलूप आहे. मिरचीच्या दिवसांत ओट्यावर तिखट धुळीचा खकाणा साचतो, झाडणारं कोणी नाही.

परवा कुरियरवाला माझ्याकडे आला. बापूंचं पार्सल, सुरतेचं, पत्ता जुनाच. मी फोन लावला आणि सवयीने चेष्टा केली, "बापू, भाच्याचं पार्सल आलंय."

पलीकडे मागे विहीणबाईंचा, पोरांचा आवाज ऐकू येत होता. माझीच जीभ मला नकोशी झाली.

मग बापू घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाचासाठे नही. मन्हासाठे शे."