अकरा निळे ड्रम

“आप्पा, बाकीचे अकरा ड्रम कुठे गेले?”

स्टोअरमध्ये आम्ही तिघेच होतो. मी, कंपनीचे मॅनेजर आणि स्टोअरकीपर आप्पा. उत्तर मॅनेजरनी दिलं.

“मॅडम, आमचे सगळे रिकामे ड्रम रिसायकलरकडे जातात. हे चलन.”

चलनावर एकोणतीस ड्रम होते. गुजरातच्या सप्लायरने चाळीस पाठवले होते आणि भरलेला एकही शिल्लक नव्हता. आप्पा जमिनीकडे बघत उभे होते.

मी रसायनांच्या राष्ट्रीय यादीचं काम करते. देशात कुठलं रसायन कोण बनवतं, कोण आणतं, कोण वापरतं, याची ही यादी. ती नियम लावायला लागते, आणि लोकांनाही पाहता यावी म्हणून वेबसाइटवर असते. एका रसायनाची नावं दहा असतात, पण नंबर एकच असतो, म्हणून आम्ही नंबरवर विश्वास ठेवतो. तपासायची पद्धत साधी आहे. विकणाऱ्याचा फॉर्म आणि घेणाऱ्याचा फॉर्म शेजारी ठेवायचे. एक म्हणतो विकलं, दुसरा म्हणतो घेतलंच नाही, की जीप काढून बघायला जायचं. तशीच मी त्या दिवशी दौंड तालुक्यातल्या या कंपनीत आले होते.

उसाच्या रसातला गाळ खाली बसवणारं एक द्रावण ही कंपनी साखर कारखान्यांना पुरवते. पूर्वी ते लोक तयार पॉलिमर आणून नुसता पातळ करायचे. त्यापासून कुणाला फारसा धोका नव्हता. मग खर्च वाचवायला कच्चा माल आणून पॉलिमर इथेच बनवायला लागले. कच्चा माल म्हणजे पाण्यात विरघळवलेलं ॲक्रिलामाइड. दिसायला पाणी, वास नाही. पण कातडीतून आत जातं आणि हातापायांच्या नसा खराब करतं.

कंपनीच्या फॉर्मवर याचा पत्ता नव्हता. आमच्या फॉर्मवर ‘गेल्या वर्षीप्रमाणे’ असा एक चौकोन होता. त्यावर टिक केली की जुनी माहिती जशीच्या तशी उतरायची. यांनी टिक केली होती. आता खरं सांगायचं तर तो चौकोन माझ्याच डोक्यातून निघालेला. लहान कंपन्या फॉर्म भरायचा कंटाळा करतात म्हणून मीटिंगमध्ये हट्ट धरून मी तो घ्यायला लावला होता आणि शाबासकीही घेतली होती.

मॅनेजर फोन आला म्हणून बाहेर गेले. आप्पांनी चलनाची फाइल उचलली तेव्हा मला त्यांचे तळवे दिसले. सालं निघाली होती.

“आप्पा, हे कधीपासून?”

“घरचा कांदा काढला न्हवं का, त्यानं आसंल.”

“मुंग्या येतात?”

“येत्यात. वय झालं की.”

“ड्रम कोण धुतं?”

“मीच की.”

मग आप्पांनी सगळं सांगितलं. इथला रिवाज असा, की रिकामे ड्रम थोडे कामगारांना आणि गावांतल्या ओळखीपाळखीच्यांना द्यायचे. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे मोठीच सोय. जुना पॉलिमर भयंकर बुळबुळीत असायचा. हाताला बुळबुळ लागायची थांबेपर्यंत ड्रम धुवायचा, हा आप्पांचा नियम.

“ह्यो नवा माल लई ग्वाड,” आप्पा म्हणाले. “बुळबुळ न्हाई, काई न्हाई. एकदा हिसळला की झाला साफ.”

नवा माल म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं. ड्रम बाहेर देणं बेकायदा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. नोकरी कंत्राटी. कबूल केलं तर पहिली गदा त्यांच्यावर येणार, हेही ठाऊक होतं. त्यांनी कपाटाच्या मागे हात घातला आणि एक शाळकरी वही काढली.

“ड्रमावरनं भांडनं व्हत्यात मॅडम. म्हनून नंबर लावून देतो. समदं लिवलंय.”

खरंच सगळं लिहिलं होतं. ड्रमचा लॉट नंबर, माणूस, गाव, कशासाठी. भांडगाव, म्हशींना पाणी. तळेगाव ढमढेरे, लग्नघर. दहा ओळी अशा. अकरावी ओळ होती: ‘कमल, न्हावरे. नंबर नव्हता.’

“ही कोण?”

“माजी लेक.” त्यांनी वही मिटली. “रांग मोडून दिला तिला.”

फोन त्यांना लावता येईना, बधिर बोटांनी आकडे चुकत होते. मी लावून दिला.

“कमल, त्या निळ्या ड्रमातलं पानी प्यायचं न्हाई. वतून दे लांब.”

“आवो आप्पा, काल तर भरलाय. काय झालं?”

“वतून दे म्हनतो ना.”

मग मॅनेजर आले. वही बघून त्यांचा चेहरा उतरला. “मॅडम, हा माणूस परस्पर वाटत होता, कंपनीचा संबंध नाही.” मी म्हटलं, “हातमोजे का दिले नाहीत, तेही परस्परच का?” माझा आवाज चढला होता. चढायलाच हवा होता.

दोन दिवस आप्पा आणि मी जीपने फिरलो. मागे कंपनीच्या टेम्पोत कोरे ड्रम, तेवढं मी मॅनेजरकडून करून घेतलं. लोक ड्रम सोडेनात. भांडगावात एक आजोबा आप्पांवरच उखडले. “दिल्याला ड्रम परत मागतं व्हय कुनी? आता कुनाला द्यायचाय?” आप्पा मुकाट ऐकून घेत होते आणि सोललेले तळवे दाखवत होते. तळवे पाहिले की लोक ड्रम आणून द्यायचे.

अकराही ड्रम मिळाले. घराघरांतल्या लोकांना डॉक्टरांनी तपासलं. कमलच्या बोटांना मुंग्या येत होत्या, भाकरी थापताना हात बधिर व्हायचा. ते ऐकून आप्पा तिच्या दारातल्या पायरीवरच बसले. मलाही त्यांच्याकडे बघवेना.

कंपनीला नोटीस गेली. मॅनेजरना आप्पांना काढायचं होतं. मी रिपोर्टात लिहिलं, की अख्ख्या प्लँटमध्ये खरी नोंद एकाच वहीत सापडली आणि ती या माणसाने आपणहून दिली. चौकोन कुणाच्या सूचनेवरून आला तेही लिहिलं. “स्वतःचं नाव कशाला घालता?” आमचे साहेब म्हणाले. मी म्हटलं, घालू द्या. आप्पांची नोकरी राहिली. चौकोन गेला.

काही महिन्यांनी कमलचा फोन आला. तिचे हात बरे झाले होते. आप्पांच्या बोटांची टोकं मात्र बधिर राहिली होती. “मॅडम, तुमची यादी उघडली मोबाइलवर. समदं इंग्रजीत हाय. आमी काय वाचायचं?”

मी साहेबांकडे गेले. “त्यासाठी फॉरमॅटमध्ये कॉलम नाही,” ते म्हणाले. तीन मीटिंगा झाल्या, कॉलम झाला. ॲक्रिलामाइडच्या नंबरापुढे आता मराठीत लिहिलेलं आहे: ‘याच्या रिकाम्या ड्रममध्ये धुऊनसुद्धा पाणी भरू नये. हात लावू नये.’

मी आप्पांना फोन करून ते वाचून दाखवलं.

“एवढंच लिवायचं हुतं व्हय, मॅडम?” ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, “हो आप्पा. एवढंच.”