सुरावटीची मालकीण

माझ्या मावशीला नाही म्हणायला फार आवडतं. डॉक्टरकडे जाऊ या? नाही. आमच्याकडे राहायला ये. नाही. लग्नाला तर तिनं इतक्या जणांना नाही म्हटलं, की अजून मूड लागला की एकेकाचा किस्सा रंगवून सांगते. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. हिच्या बाबतीत कोणीतरी ते विसरलं असावं.

धंद्यानं ती अरेंजर. म्हणजे काय, हे मी जन्मभर लोकांना समजावत आले आहे. संगीतकार चाल बांधतो, गुणगुणून दाखवतो आणि निघून जातो. मग कोणत्या वाद्यानं कुठे शिरायचं, कुठे तोंड बंद ठेवायचं, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजायचं, आणि गायिकेनं तोंड उघडण्याआधी काय वाजायचं, हे सगळं अरेंजर लिहितो. रेकॉर्डच्या पाकिटावर नाव संगीतकाराचं. मावशीचं नाव कुठेच नसायचं. एकदा आलं होतं, 'सहाय्य' म्हणून, आणि तेही चुकीचं छापलेलं.

तिच्या खोलीत एक लांब टेबल, स्वयंपाकघरातल्या सुरीनं टोकं काढलेल्या पेन्सिली, आणि दार उघडलं की कागद अंगावर येतील असं कपाट. काम आलं की तिचा पहिला प्रश्न, "वाजवायला कोण कोण आहे?" ती वाद्यासाठी लिहायचीच नाही, माणसासाठी लिहायची. चेलोवाला जेवण झालं की पेंगायचा, म्हणून दुपारच्या रेकॉर्डिंगला त्याच्या वाट्याला मुद्दाम अवघड जागा यायच्या. वादक तिला मास्तरीणबाई म्हणायचे आणि टरकून असायचे.

तिनं सगळ्यात जास्त काम केलं ते दादांकडे. या संगीतकारांना लहानथोर सगळे दादाच म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण खोलीत शिरला की सगळ्या खुर्च्या आपल्याच आहेत असं त्याला वाटायचं. त्यांचं एक गाणं खूप गाजलं. खरं सांगायचं तर गाणं गाजलं नाही, त्याच्या सुरुवातीला क्लॅरिनेटवर वाजणारी सुरावट गाजली. लोक भाजी चिरताना ती गुणगुणतात, रिक्षावाले शिट्टीवर वाजवतात. गाण्याची दुसरी ओळ विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

ती सुरावट मावशीची. दादांची चाल गायिकेच्या आवाजाबरोबर सुरू होते, त्याच्या आधीचं सगळं हिनं टेबलाशी बसून रचलेलं.

एक रंग बनवणारी कंपनी त्या सुरावटीच्या मागे लागली. जाहिरातीला गाणं नको होतं, फक्त सुरुवात हवी होती. दादांनी हो म्हणून टाकलं. कंपनीच्या वकीलबाईंनी मात्र विचारलं, ही रचली कोणी? मग दादांचा माणूस मावशीकडे कागद घेऊन आला. सदर सुरावट मी दादांच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केली असून तिच्यावर माझा कोणताही हक्क नाही, खाली सही.

"नाही," मावशी म्हणाली.

दोन दिवसांनी दादा स्वतः जिने चढून आले. धापा टाकत खुर्चीत बसले. मी तिच्याकडे रोजच असते; पाणी आणून ठेवलं.

"बाई, काम मी दिलं, पैसे मी मोजले. मग वस्तू कोणाची?"

"पैसे माझ्या मेहनतीचे दिलेत दादा. सुरावट विकत घेतो असं कुठे म्हणालात? लिहून तरी घेतलंत का?"

"त्या काळी कोण लिहून घेत होतं?"

"तेच म्हणते मी. घेतलं नाहीत ना? मग आता कशाला घेताय?"

"अहो, गवंडी घर बांधतो म्हणून काय घरात राहायला येतो?"

"गवंड्याला तुम्ही नकाशा देता. मला काय दिलं होतंत? 'सुरुवातीला काहीतरी छानसं टाका' म्हणालात आणि जेवायला गेलात."

मला हसू आवरेना, म्हणून मी आत गेले. दादा रागानं लाल झाले होते. जाताना म्हणाले, "मी नसतो तर तुम्हाला ओळखलं कोणी असतं?" त्यावर मावशी उठून उभी राहिली. तिला गुडघ्यांमुळे सहसा उठवत नाही. "मला अजूनही कोणी ओळखत नाही, दादा. तेच तर चाललंय."

घरात सगळे तिच्यावर तुटून पडले. मामा म्हणाला, या वयात कोर्टकचेरी करणार का? मी मात्र तिच्या बाजूनं उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाखाली खपली, एकदा तरी तिचं नाव कागदावर धड लागू दे, एवढंच माझ्या मनात होतं. तिच्याही मनात तेच होतं. विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, पण होतं.

शेवटी वकीलबाईंनीच दादांना सांगितलं, लेखी काही नसताना ही भानगड आम्ही गळ्यात बांधून घेणार नाही. रचणारीचं नाव घाला, तिची सही आणा, नाहीतर राहू द्या. दादांनी हात टेकले. नवा कागद आला. त्यात पहिल्याच ओळीत मावशीचं पूर्ण नाव होतं, आणि पुढे 'या सुरावटीची एकमेव रचनाकार'. सोबत जाहिरातीचा नमुनाही आला. मी तो फोनवर लावला. मावशीनं डोळे मिटून ऐकला, तोंड जरा वाकडं केलं आणि फोन बाजूला सरकवला. कागद मात्र तिनं पुन्हा पुन्हा वाचला. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली आहे.

पेन उघडलं, आणि तिथेच थांबली.

"हे खोटं आहे गं."

"काय खोटं आहे?"

"एकमेव. शेवट माझा नाही, फुंकणीचा आहे."

फुंकणी म्हणजे त्या वेळचा क्लॅरिनेटवाला. मावशीनं लिहिलं होतं की सुरावट वर चढून थांबेल. तालमीत हा गडी चुकला आणि वर जायच्या ऐवजी घसरत खाली आला, अगदी गायिकेच्या पहिल्या सुराशी. सगळे वादक माना खाली घालून बोलणी खायला तयार बसले. मावशीनं स्वतःचं लिहिलेलं खोडलं आणि त्याची चूक लिहून घेतली. लोक जी शिट्टी वाजवतात ना, त्यातला जीव त्या घसरण्यातच आहे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मावशी, दोन-तीन सूर! कोणाला कळणार आहे?"

"दादांनीही माझ्या बाबतीत असाच विचार केला," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

फुंकणीनं दात गेल्यावर वाजवणं सोडलं होतं. आता बाजारामागच्या गल्लीत कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवत होता. मावशीला बघून हातातली कानस टाकून उभाच राहिला.

"बाई, तुम्ही? आणि इकडे?"

मावशीनं सगळं सांगितलं. तो कवळी दाखवत हसला. "बाई, ती माझी चूक होती हो."

"चूक तुझी ना? मग तो शेवटही तुझाच. तुझं नाव माझ्याबरोबर घालायचं, आणि तू हो म्हणालास तरच पुढे जायचं."

त्यानं ऐकायला मागितलं. मी नमुना लावला. वाद्य खरं नव्हतंच, यंत्रातून काढलेला क्लॅरिनेटचा आवाज होता. सुरावट भरभर वर चढली, आणि शेवटी घसरली नाही. सरळ, साफ, एकेका पायरीवर पाय ठेवल्यासारखी खाली उतरली. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. मग फोन मला परत दिला.

"चूक दुरुस्त केली त्यांनी," तो म्हणाला. "बाई, तुम्हीसुद्धा दुरुस्त केली नव्हती."

मावशी खाली बघत होती. तिनं ते घरीच ऐकलं होतं, कळलंही होतं. आणि नावापायी तिनं ते गिळलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मग काय म्हणतोस?"

"नाही बाई. असं असेल तर नाही."

मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. त्याच्याकडचा चहा मात्र तिनं घेतला. घरी येताना रिक्षात आम्ही दोघी दोन कडांना सरकून बसलो. मी रागानं, आणि ती कशानं ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी दादांचा फोन आला. सही झाली का, माणूस पाठवू का, कंपनी थांबायला तयार नाही. मावशीनं एकमेव म्हणणारा तो कागद उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं सूर लिहायच्या पाच रेघा ओढायला घेतल्या. फोन खांद्याशी धरलेला होता.

"नाही, दादा."

पलीकडून एवढा आवाज चढला की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. आता काय राहिलं? नाव दिलं, सगळं दिलं, आता नाही कोण म्हणतंय?

"मालकाला विचारायला गेले होते," मावशी म्हणाली. "तो नाही म्हणाला."