कल्ले नसलेला मासा

नागपूरजवळच्या कन्हानमध्ये, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत यमुताई बावीस वर्षे अंगणवाडी चालवत आहेत. मूल एकदा मोकळेपणाने बोलू लागले की पुढचे शिक्षण त्याच वाटेने येते, अशी त्यांची धारणा आहे. म्हणूनच त्यांना रोशनीची काळजी होती. चार वर्षांची ही मुलगी दोन महिने भिंतीला टेकून नुसती पाहत असे. एक शब्दही बोलत नसे.

त्या आठवड्यात मुलांना पाण्यातले प्राणी दाखवायचे होते. तक्त्यावरचा डॉल्फिन हाताळता येत नाही, म्हणून यमुताईंनी जुन्या राखाडी परकराचा एक डॉल्फिन शिवला आणि त्यात कापूस भरला. “हा समुद्रातला मोठा मासा,” असे सांगून त्यांनी तो मुलांच्या हाती दिला. फिरत फिरत तो रोशनीकडे आला. तिने तो उलटा केला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवले आणि वर पाहिले.

“ताई, याले कल्ले कुठं हायेत?”

अंगणवाडीतले तिचे हे पहिले वाक्य. यमुताई शाकाहारी शेतकरी घरातल्या. मासा त्यांनी कधी हातात धरलेला नव्हता. शिवाय खिचडीची वेळ झाली होती.

“असतील कुठंतरी. बस खाली.”

“नाही हायेत. मंग हा मासा नाही.”

“चित्रात मासा दिसते ना? मंग मासाच हाये.”

मुले हसली. रोशनीने डॉल्फिन खाली ठेवला आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

यमुताईंची भाची चिन्मयी नागपुरात प्राणिशास्त्र शिकते. दुपारी त्यांनी तिला फोन केला.

“मावशी, डॉल्फिन मासा नाही वं,” चिन्मयी हसत म्हणाली. “त्याले कल्ले नसतात. डोक्यावर छिद्र असते, श्वास घ्यायले पाण्यावर येते तो. पिल्लं आईचं दूध पितात.”

तक्ता गुंडाळून ठेवला असता, तर कोणीही जाब विचारला नसता. लहान मुलाला दिलेले चुकीचे उत्तर मोठ्यांच्या जगात चूक म्हणून गणलेच जात नाही. पण यमुताईंना माहितीची चूक तितकीशी खुपत नव्हती. ती दुरुस्त करता येते. मुलीने स्वतःच्या बोटांनी तपासून खरे सांगितले आणि आपण मुलांना तिच्यावर हसू दिले, हे त्यांना सलत होते.

रोशनीची आजी बाजारात मासे विकते. त्याच संध्याकाळी यमुताई तिच्या टोपलीपुढे नाकाला पदर न लावता उकिडव्या बसल्या.

“काहून वं ताई, बाटायले आल्या का?” म्हातारी म्हणाली.

“माफी मागायले आली. रोशनीले मी खोटं पाडलं.”

“हो ना. घरी येऊन म्हणते, ताईले मासाच समजत नाही!” म्हातारीने एका रोहूच्या गालावरचे झाकण बोटाने उचलून आतला लाल भाग दाखवला. “हे पाहा कल्ले. लाल असले म्हणजे ताजा. पोरगी रोज माह्यासंग बसून हेच पाहाते.”

रोशनी आजीच्या पाठीमागे उभी होती. “तुह्यं खरं होतं,” यमुताई तिला म्हणाल्या. “उद्या सगळ्याइले सांगतो. येशील?”

ती आजीच्या पाठीमागे आणखी सरकली.

सकाळी मात्र ती आली, आणि भिंतीलाच टेकली. यमुताईंनी सर्वांसमोर सांगितले, “परवा रोशनी बरोबर होती. मी चुकली. हा मासा नाही.” डॉल्फिनच्या डोक्यावर त्यांनी कात्रीने छिद्र पाडले होते; सोबत एक पिल्लूही शिवून आणले होते. मुलांनी निळ्या साडीची चार टोके धरून पाणी केले. डॉल्फिन साडीखाली जाई, वर येई, आणि सगळी मुले मिळून त्याच्यासाठी श्वास घेत. मग यमुताई पिल्लाच्या दुधाविषयी सांगू लागल्या आणि सांगण्याच्या भरात डॉल्फिन खालीच राहिला.

भिंतीकडून आवाज आला, “ताई! वर काढा ना त्याले, मरन तो!”

यमुताईंनी घाईने त्याला वर काढले. रोशनी उठून आली. तिने छिद्रात बोट घालून पाहिले, मग एका मुलाच्या हातातले साडीचे टोक स्वतः धरले.

“आता मी सांगन तवाच खाली न्या,” ती म्हणाली.

यमुताई तिच्या सांगण्याची वाट पाहत थांबल्या.