विळीला कुंकू

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कुंदावहिनींचा अर्ज मी दाबून ठेवला.

तात्यापारा या हिंदी मुलखातल्या मराठी वस्तीत त्या आमच्या शेजारी राहत. दसऱ्याला त्यांचे यजमान, सुधाकरदादा, पाटावर आपलं रिव्हॉल्व्हर मांडत आणि आम्हा पुरुषांना बघायला बोलावत. पूजा वहिनींनी करायची. एका दसऱ्याला त्यांनी सगळ्यांदेखत स्वयंपाकघरातून विळी आणली, पाटावर ठेवली आणि तिलाच हळदकुंकू लावलं. "हे घरात काम तं करते," म्हणाल्या. आम्ही हसलो. दादा हसले नाहीत.

मी शस्त्र परवान्यांच्या टेबलावरचा कारकून. त्याच आठवड्यात वहिनी ऑफिसात आल्या. अर्जात लिहिलं होतं, नवऱ्याच्या परवान्याचं नूतनीकरण करू नये.

"हात उचलला का दादांनी?"

"नाही, भाऊ. जेवताना ताटाजवळ ते रिव्हॉल्व्हर ठेवते फक्त. मंग विचारते, तुले काही म्हणायचं आहे का? सांगा, काय म्हणू मी?"

"घरचा मामला आहे, वहिनी."

"हव, घरचाच. तुमच्या चौकशीत पानवाल्याले विचारता, शेजाऱ्याले विचारता, माणूस कसा आहे म्हणून. ज्या बाईसमोर ते ठेवून राहिला, तिले काहून नाही विचारत?"

मला त्यांचाच राग आला. अर्ज घेतला, पण आवक नोंद केली नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर दादांना म्हणालो, "दादा, वहिनींना जरा समजावा. ऑफिसात आल्या होत्या." बायको आवरत नाही ही त्यांची लाज मी झाकतोय, असं मला वाटलं. केवढा शहाणा मी. चौकशीत शेजारी म्हणून 'शांत स्वभावाचे' या शब्दांखाली सहीही माझीच. परवाना नवा झाला.

महिनाभरात वहिनी गेल्या. साफ करताना गोळी सुटली, असं दादांनी सांगितलं. भर दुपारी, वाढलेल्या ताटाशी बसून कोण रिव्हॉल्व्हर साफ करतं, हे एकाही मर्दाने विचारलं नाही. पोलिसांनी मला विचारलं, "पहले कोई शिकायत?"

"नहीं, साहब," मी म्हणालो.

दादा आजही भेटले की खांद्यावर हात टाकतात. मी तो झटकत नाही, याची मला किळस येते.

अर्ज माझ्या कपाटात आहे. वहिनींचं अक्षर सरळ, एकही खाडाखोड नाही. तो अर्ज आणि माझा खरा जबाब मला ठाण्यात द्यायचा आहे. अजून दिलेला नाही.