उभ्या मोटारीला घंटी

आमच्या इमारतीसमोर हिरवा सायकल ट्रॅक आहे. म्हणजे रंग आहे. त्यावर ओळीनं मोटारी उभ्या असतात. कारखान्याच्या गणवेशातले एक काका रोज सकाळी त्या मोटारींमागे सायकल थांबवून घंटी वाजवतात आणि मग भर रहदारीत उतरतात.

एकदा मी विचारलं, "काका, रिकाम्या गाडीला ऐकू येतं का?"

"मला येतं ना," ते म्हणाले. "ट्रॅक आपला आहे, एवढं लक्षात राहतं."

पुलांवर पैसा ओततात. सायकलच्या वाट्याला रंगाचा डबा येतो, तोही उन्हानं विटतो.

आज तिथे एकही मोटार नव्हती. क्षणभर बरं वाटलं. मग दिसलं, नव्या उड्डाणपुलाच्या खांबासाठी ट्रॅकच उखडला होता. काका आले, खड्ड्यापाशी थांबले आणि घंटी न वाजवताच रस्त्यावर उतरले.